चकली भुंकत नाही, पण कुंपण चढते

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. यंदा फेब्रुवारीत बसेंजी जातीचं पिल्लू घरी आणलं. मादी आहे, तांबूस-पांढरी. शेपटीचं वेटोळं बघून लेकीने नाव ठेवलं चकली. आता ती दहा महिन्यांची झाली. भुंकत नाही, अंगाला वास मारत नाही, केस फारसे गळत नाहीत, आकाराने बेताची, एवढं ऐकून आम्ही भुललो, हे कबूल करते.

गेल्या दोन महिन्यांत तिने सोफ्याची एक बाजू उसवली, ह्यांचे बूट आणि टीव्हीचा रिमोट संपवला, आणि मागच्या अंगणातलं चार फुटी जाळीचं कुंपण चढून शेजाऱ्यांकडे गेली. सकाळी मी तिला वीस मिनिटं फिरवते, संध्याकाळी हे अर्धा तास. बाकी वेळ अंगण मोकळं आहेच. ह्यांचं म्हणणं, तिला चांगलं दमवलं पाहिजे, म्हणून तळघरातल्या ट्रेडमिलवर पळवायचा विचार चाललाय. पाऊस असला की दाराबाहेर पाऊल टाकत नाही. हाक मारली की कान हलतात, पण येत नाही.

सध्या सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्या म्हणतात, हे आपलं गावठी कुत्रंच दिसतंय, एवढे डॉलर कशाला मोजले? आणि भुंकत नाही म्हणजे घशात काही दोष तर नाही ना? त्या तिला तूप-पोळी भरवतात, अंगाला खोबरेल लावा म्हणतात. व्यायाम किती, खाणं काय, अंघोळ कधी, एकदा नीट सांगाल का?

– चकलीची आई


चकलीच्या आई, नमस्कार.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत अचूक त्याच बोलल्या आहेत. बसेंजी गावठीच आहे, फक्त गाव वेगळं. कांगो नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यापाड्यांतलं हे कुत्रं. नाव तिकडच्या 'लिंगाला' या भाषेतून आलंय आणि त्याचा अर्थ साधारण 'रानाकडच्या माणसांचं कुत्रं' असा होतो. उभे कान, आखूड केस, वळलेली शेपटी, सडपातळ अंग. सांगलीकडच्या मळ्यावर सोडलं तर लांबून कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. कपाळावरच्या आठ्या मात्र तिच्या स्वतःच्या. कायम कसला तरी हिशोब लागत नसल्यासारखा चेहरा.

तिकडे ही कुत्री माणसांबरोबर शिकारीला जातात. झुडपांत शिरून जनावर उठवायचं आणि लावलेल्या जाळ्याकडे हाकलायचं. भुंकत नसल्यामुळे कुत्रं नेमकं कुठे आहे ते कळावं म्हणून गळ्यात लाकडी घंटा किंवा खुळखुळा बांधतात. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे तुमच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर आपोआप मिळेल. शिकारी मागे कुठेतरी आहे, पुढे गच्च झाडी आहे, आणि कुठे वळायचं, कधी थांबायचं हे कुत्रं स्वतःच्या डोक्याने ठरवतंय. मेंढरं वळणारं कुत्रं सारखं मालकाच्या तोंडाकडे बघतं. बसेंजीच्या वाडवडिलांना कुणी तशी सवय लावलीच नाही. चकलीला तुमची हाक ऐकू येते, ती त्यावर विचारही करते, आणि मग तिला खारीचं म्हणणं जास्त पटतं.

कुत्र्यांच्या आज्ञाधारकपणाच्या एका गाजलेल्या क्रमवारीत बसेंजीचा नंबर शेवटून दुसरा लागला होता. लोक तेवढंच ऐकतात आणि 'मठ्ठ जात' म्हणून मोकळे होतात. आमच्या गोट्या नावाच्या बसेंजीला 'बस' शिकायला दोन महिने लागले आणि फ्रिजचं दार उघडायला दोन दिवस. मठ्ठ कोण ते तुम्हीच ठरवा.

घशाचं म्हणाल तर दोष काही नाही, घडण वेगळी आहे. स्वरयंत्राच्या आकारामुळे 'भो भो' असा तुकड्या-तुकड्यांचा आवाज सहसा येत नाही. कुणी आलाप सुरू करावा आणि मध्येच विसरून जावं, तसा हेल काढलेला आवाज येतो. इथले बसेंजीवाले त्याला 'बारू' म्हणतात. आणि किंकाळीही असते. आमच्या मिरीला पहिल्यांदा एकटं ठेवून मी वाण्याकडे गेले, परत येते तर शेजारीणबाई दारात उभ्या. घरात लहान मूल कोंडलंय का, असं विचारत होत्या. तेव्हा मुकी कुत्री आणली या भ्रमात राहू नका.

आता व्यायाम. तुमच्या ह्यांना सांगा, बसेंजीला दमवायची शर्यत लावू नका. हरणार तुम्हीच. रोज तासभर पळवलंत तर तीन महिन्यांनी तुमच्याकडे दीड तास पळू शकणारं कुत्रं असेल, आणि सोफा तेव्हाही उसवलेलाच असेल. सोफा उसवला तो पायांत ताकद उरली म्हणून कमी आणि डोक्याला उद्योग नव्हता म्हणून जास्त. या जातीला दमवण्यापेक्षा गुंतवावं लागतं. ही एक गोष्ट मला शिकायला पहिल्या कुत्र्याची तीन वर्षं आणि एक आख्खा गालिचा लागला.

वीस मिनिटं आणि अर्धा तास हे कमी आहे, हेही खरंच. सकाळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आणि संध्याकाळी तितकंच, एवढं तरी हवं. पण त्यातला निम्मा वेळ तिच्या नाकाला द्या. म्हणजे कसं? पट्टा सैल सोडायचा, नाक पुढे, तुम्ही मागे. एखाद्या खांबाशी ती दोन मिनिटं उभी राहिली तर उभं राहू द्यायचं. काल रात्री तिथून कोण गेलं, हरीण की रॅकून, त्याची बातमी ती वाचत असते. आपण 'चल, चल' करत ओढत नेतो आणि घरी आल्यावर म्हणतो, एवढं फिरवलं तरी शांत बसत नाही! उरलेला निम्मा वेळ झपझप चाला. बसेंजीची दुडकी चाल घोड्यासारखी असते, तुम्हाला घाम फुटेल पण तिला काही वाटणार नाही.

अंगणाला व्यायामात धरू नका. अंगणात एकटं सोडलेलं कुत्रं पाच मिनिटं पळतं आणि मग कंटाळून कुंपणाचा अभ्यास करतं.

घरातल्या घरात मात्र दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटांचे खेळ लावा. आमच्याकडचा सर्वांत यशस्वी खेळ फुकटचा होता. जुना टॉवेल पसरायचा, त्यावर तिच्या रोजच्या खाण्यातल्या मूठभर गोळ्या टाकायच्या, घट्ट सुरळी करायची आणि सुरळीला एक गाठ मारून द्यायची. पहिल्या दिवशी मिरीने टॉवेल फाडला. चौथ्या दिवशी तिने एक टोक पंजाखाली दाबलं, दुसरं नाकाने ढकललं आणि सुरळी अशी अलगद उलगडली की मला पोळपाटावरची पोळी आठवली. मग गाठी दोन केल्या. खाणं वाडग्यात ओतून देणं जवळपास बंद करा. तिला ते शोधू दे, सोडवू दे, खोक्यातून उकरू दे. फाडायला कागदी खोकी मिळाली की रिमोटवरचं प्रेम कमी होतं.

दुसरा खेळ काठी-दोरीचा. चार-पाच फुटी काठी, टोकाला दोरी, दोरीला फडकं. जमिनीलगत फिरवायचं, उंच उडवायचं नाही, आणि अधूनमधून तिला ते पकडू द्यायचं. कधीच हाती न लागणारी शिकार कुत्र्याला नुसती चिडवते. पाच मिनिटं पुरे होतात. आणि रात्री नऊच्या सुमाराला ती अचानक सोफा, जिना, स्वयंपाकघर, पुन्हा सोफा अशी भणाण धावत सुटत असेल, तर घाबरू नका. त्याला इथे 'बी-५००' म्हणतात, मोटारींच्या शर्यतीवरून. टेबलावरचे कप उचला आणि बाजूला व्हा.

ट्रेडमिल आत्ता नको. दहा महिन्यांच्या कुत्रीची हाडं अजून वाढताहेत, हाडांच्या टोकाशी असलेली कूर्चा पक्की झालेली नसते. एका लयीत, एका वेगाने, कठीण पट्ट्यावर मिनिटांमागून मिनिटं पळवणं त्या सांध्यांना चांगलं नाही. सायकलला बांधून पळवणंही तसंच. दीड वर्षाची झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, बर्फाच्या दिवसांत दहा मिनिटं ट्रेडमिलवर चालवायला हरकत नाही. तेव्हाही माणूस शेजारी उभा हवा आणि पट्टा यंत्राला कधीही बांधायचा नाही.

पळण्याची हौस भागवायची खरी जागा वेगळी आहे. डिसेंबरात ती वर्षाची होईल, मग तुमच्याजवळ अमेरिकन केनेल क्लबच्या ल्युअर कोर्सिंग चाचण्या कुठे होतात ते बघा. मैदानात कप्प्यांवरून दोरी फिरवलेली असते, दोरीला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते, मोटर ती ओढते आणि कुत्रं तिच्यामागे धावतं. एका वेळी एकच कुत्रं. छोटी शर्यत १०० यार्डांची, सरळ रेषेत. मोठी चाचणी बसेंजीच्या उंचीच्या कुत्र्यांसाठी ६०० यार्डांची, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर. गोट्या पहिल्यांदा धावला तेव्हा त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले मी पाहिले. शेवटी त्या फाटक्या पिशवीला हलवून हलवून मारल्यावर तो इतक्या समाधानाने माझ्याकडे चालत आला, की आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता आला.

कुंपणाचं प्रकरण गंभीर आहे. जाळीचं कुंपण म्हणजे बसेंजीला शिडी. आमच्याकडे पाच फुटी जाळी होती. एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय, गोट्याने पुढचे पाय जाळीच्या भोकांत अडकवले, मग मागचे, मांजरासारखा वर गेला, वरच्या दांडीवर क्षणभर तोल सावरला आणि पलीकडे उतरला. मी ओरडत मागे धावले. ती माझी घोडचूक. तुम्ही मागे धावलात की तिच्या दृष्टीने तो खेळ होतो, आणि त्या खेळात ती तुमच्यापेक्षा फार पुढे आहे. चाळीस मिनिटांनी ह्यांनी गाडी आणली, मागचं दार उघडलं आणि इंजिन सुरू ठेवून नुसते बसून राहिले. गोट्या आला आणि आपल्या जागेवर चढून बसला. गाडीतून फिरायला आवडणाऱ्या कुत्र्यांवर ही युक्ती चालते. चकलीला गाडीची गोडी आत्ताच लावून ठेवा.

कुंपण सहा फुटी, लाकडी फळ्यांचं, आतली बाजू सपाट असलेलं करा. आडव्या पट्ट्या बाहेरच्या अंगाला हव्यात, नाहीतर त्यांच्याच पायऱ्या होतील. कुंपणालगत कचऱ्याचे डबे, बाक, लाकडाची रास काही ठेवू नका. खालून उकरते का तेही बघा. आणि एवढं करूनही तिला अंगणात एकटी सोडू नका. कुणीतरी तुम्हाला जमिनीखालच्या तारेचं, गळ्यात झटका देणारं 'न दिसणारं कुंपण' सुचवेल. ससा दिसल्यावर बसेंजी तो झटका खाऊन पलीकडे जाते, आणि मग झटक्याच्या भीतीने परत येत नाही.

तेच मोकळं सोडण्याचं. उघड्यावर, रस्त्याजवळ, 'दोनच मिनिटं' म्हणूनही पट्टा काढायचा नाही. किती प्रेमळ आहे, किती शिकलेली आहे, याचा काही संबंध नाही. पळत्या खारीमागे जाताना तिला मोटार दिसत नाही. गळ्यात मार्टिंगेल पद्धतीचा पट्टा घाला, ओढल्यावर मर्यादेतच आवळणारा. साध्या पट्ट्यातून ही मंडळी मागे सरकून डोकं सहज काढून घेतात. कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेलच, पण पत्ता बदलला की तिथली नोंद बदलायला विसरू नका.

हाक मारल्यावर यायला शिकवता येतं, शंभर टक्क्यांची हमी मात्र नाही. आमचा उपाय चुरमुऱ्यांचा डबा. पत्र्याच्या डब्यात साधे, बिनमिठाचे चुरमुरे. डबा खुळखुळवायचा आणि आली की चुरमुरे, आठवड्यातून एखाद्या दिवशी उकडलेल्या चिकनचा तुकडा. कुठल्या दिवशी चिकन निघेल ते तिला कळता कामा नये. आधी घरात, मग अंगणात, मग मोकळ्या मैदानात तीस फुटी दोरी बांधून. हा डबा वाजवून कधीही रागवायचं नाही, नखं कापायला धरायचं नाही, फिरणं संपवून घरी न्यायचं नाही. एकदा फसवलंत की डबा मेला.

पावसाचं काय सांगू? बसेंजी पाण्याचा राग राग करते. मिरी एकदा सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत दाबून बसली होती, कारण बाहेर रिपरिप चालू होती. मोठी छत्री घ्या, तिच्यावर धरा, आपण भिजा. दाराजवळ छपराखालची एखादी कोरडी जागा ठरवून दिलीत तर आणखी बरं. थंडीत अंगाबरोबर बसणारं जाकीट हवंच, त्या आखूड केसांखाली ऊब धरणारा थर नसल्यातच जमा. ते आत्ता, ऑक्टोबरातच, पाच-पाच मिनिटं घालून सवय करा. पहिल्या दिवशी ती पुतळ्यासारखी उभी राहील, राहू द्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पंजे चरचरतात आणि चाटलं तर पोटही बिघडतं, म्हणून घरी आल्यावर कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पाय पुसा. न्यू जर्सीत गोचिडीचं औषध थंडीतही थांबवू नका, तिथे गोचिडीमुळे होणारा लाइम रोग भरपूर आहे.

अंघोळ दोन-तीन महिन्यांतून एकदा, किंवा कशात लोळली तर. ती मांजरासारखी स्वतःला चाटून साफ ठेवते. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पाच मिनिटं फिरवला की झालं. खोबरेल नको, सासूबाईंना सांगा. त्वचेला त्याची गरज नाही, आणि लावलेलं सगळं ती चाटून पोटात घालणार आणि तुमचा गालिचा खराब करणार. दात कुत्र्यांच्या पेस्टनेच घासा, आपल्या काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विष आहे. नखं भराभर वाढतात, आठवड्याला घासायची. कापणीपेक्षा फिरणारं घासणीचं छोटं यंत्र बरं पडतं. पहिले आठ दिवस यंत्र नुसतं शेजारी चालू ठेवायचं आणि चुरमुरे द्यायचे.

खाण्याबद्दल थोडं. मोठी झाल्यावर बसेंजी मादी साधारण दहा किलोची असते, खांद्यापाशी सोळा इंच. एवढ्याशा अंगाला तूप-पोळी रोज म्हणजे आपल्याला रोज मेजवानी. कोरड्या पोळीचा बोटभर तुकडा चालेल, तूप बंद. चांगल्या प्रतीचं पिल्लांचं खाणं वर्षाची होईपर्यंत दोन वेळा, आणि बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांना फार दिसत नाहीत, इतपत अंग. दिवाळी तोंडावर आली आहे म्हणून मुद्दाम लिहिते: बेसनाच्या लाडवातला बेदाणा, चिवड्यातला बेदाणा आणि तळलेला कांदा, हे तिच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटचे डबे येतील तेही वर ठेवा. ही मंडळी खुर्ची, खुर्चीवरून टेबल, टेबलावरून ओटा असा प्रवास करतात. वर म्हणजे कपाटात.

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे, तर आता तुम्ही न विचारलेलं सांगते. या पत्रातलं दुसरं काही विसरलात तरी हे विसरू नका.

१९३० च्या दशकात थोडी बसेंजी कुत्री इंग्लंडात आणली गेली. १९३७ साली ती तिथल्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात दिसली तेव्हा बघायला गर्दी लोटली. १९४३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. पण आफ्रिकेबाहेरची जवळपास सगळी वंशावळ त्या मोजक्या कुत्र्यांवर उभी राहिली, आणि मोजक्या घरांतच सोयरिकी होत राहिल्यावर जे होतं ते झालं. फॅन्कोनी नावाचा मूत्रपिंडाचा आजार जातीत घर करून बसला. १९८७-८८ मध्ये अमेरिकेतले काही पैदासकार नवं रक्त आणायला थेट झाईरला, म्हणजे आजच्या कांगोला, गेले होते. १९९० मध्ये क्लबने जातीची नोंदवही पुन्हा उघडून त्या कुत्र्यांना सामावून घेतलं. वाघासारखे पट्टे असलेले बसेंजी इथे दिसतात ते त्यांच्याच वंशातले.

फॅन्कोनीत मूत्रपिंडाच्या नलिका साखर, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट परत शोषून घ्यायचं काम सोडतात आणि ते सगळं लघवीवाटे वाहून जातं. कुत्रं सारखं पाणी पितं, सारखं मुततं, खाऊनही वाळतं. साधारण चार ते आठ वर्षांच्या वयात सुरू होतं. गोंधळ कुठे होतो ते बघा. लघवीत साखर सापडते. आपल्या घरांत मधुमेह सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे आपण लगेच मान डोलावतो. गोट्या सहा वर्षांचा असताना माझ्यासमोर हेच झालं. एका दवाखान्यात लघवी तपासली, साखर निघाली आणि इन्सुलिनची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, रक्तातली साखरही आत्ताच बघा. ती अगदी व्यवस्थित निघाली. लघवीत साखर आणि रक्तातली मात्र वाढलेली नाही, ही फॅन्कोनीची खूण. त्या दिवशी इन्सुलिन दिलं असतं तर आम्ही त्याला हातानेच मारलं असतं. पुढे रक्तातल्या आम्लतेची तपासणी झाली, रोजच्या बायकार्बोनेटच्या गोळ्या सुरू झाल्या. या उपचाराची गोंटो पद्धत म्हणून ठरलेली रीत आहे, बसेंजी पाहिलेल्या डॉक्टरांना ती माहीत असते. गोट्या तेरा वर्षांचा होऊन गेला.

म्हणून दोन कामं करा. ज्यांच्याकडून चकली घेतली त्यांना तिच्या आईवडिलांच्या फॅन्कोनीच्या जनुकीय चाचणीचे कागद मागा. २०११ पासून थेट चाचणी उपलब्ध आहे, चांगले पैदासकार ती करतातच, आणि डोळ्यांच्या व रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्याही करतात. कागद मिळाले नाहीत तर गालाच्या आतून बोळा फिरवून चकलीचीच चाचणी करून घ्या. दोष नसेल तर सुटलात. असेल, किंवा काहीच कळलं नसेल, तर तीन वर्षांची झाल्यापासून दर महिन्याला घरच्या घरी लघवीतली साखर बघायची. औषधांच्या दुकानात पट्ट्यांची बाटली मिळते. सकाळी पहिल्या फेरीत ती बसली की मागून अलगद लांब दांड्याचा डाव खाली धरायचा, पट्टी बुडवायची, बाटलीवर लिहिलेली सेकंदं मोजायची आणि रंग जुळवायचा. आमच्याकडे त्या डावाला लाल दोरा बांधून तो गॅरेजमध्ये टांगला होता, चुकून वरणात जाऊ नये म्हणून.

आणि वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या, जर्की म्हणून मिळतात त्या, देऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ पासून त्यांच्याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे. ज्या जातींत फॅन्कोनी नाही अशा कुत्र्यांनाही त्या खाऊन तसाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. मूळच्या नाजूक जागी मुद्दाम बोट कशाला घालायचं?

एक राहिलंच. इतर कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात, बसेंजी बहुतेक वेळा एकदाच, आणि तेही याच दिवसांत, हिवाळ्याच्या आधी. चकलीची पहिली खेप जवळ आली असेल. हल्लीची चिडचिड आणि कुंपणावरून पळणं त्यातलंही असू शकेल. शस्त्रक्रिया करायची का आणि कधी, ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. तोवर फिरायला दोन हात आणि घट्ट पट्टा.

शेवटी पुन्हा सासूबाई. त्या दिवसभर घरात आहेत, ही चकलीची चैन आहे. तूप-पोळीची वाटी काढून घ्या आणि चुरमुऱ्यांचा डबा त्यांच्या ताब्यात द्या. टॉवेलच्या गाठी त्या तुमच्यापेक्षा पक्क्या मारतील. पण त्या परत गेल्या की त्याच दिवशी चकली आयुष्यात पहिल्यांदा सबंध दिवस एकटी राहील, आणि त्या दिवशी सोफ्याची दुसरी बाजू जाईल. म्हणून या आठवड्यापासून रोज सगळ्यांनी बाहेर पडायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. निघताना पोकळ रबरी खेळण्यात साधं दही भरून गोठवलेलं तिला द्यायचं, निरोपाचं नाटक करायचं नाही. ती आतून ओरडली तर पुढच्या वेळी पुन्हा आदल्या दिवशीइतकीच मिनिटं बाहेर राहायचं. दिवसभर कुणीच नसेल तेव्हा दुपारी फिरवायला माणूस, किंवा आठवड्यातून दोन दिवस कुत्र्यांचं पाळणाघर, याची चौकशी करून ठेवा. सासूबाईंचं परतीचं तिकीट कधीचं आहे ते मला कळवा, त्यावरून पुढचे आठवडे मोजून देते.